कापरी रेघ

घरात तिला सगळे भुंगा म्हणत, कारण ती एका जागी कधी टिकायची नाही आणि काम करताना नाकातल्या नाकात गुणगुणायची. केस पांढरे व्हायला लागले तरी ते नाव काही सुटलं नाही. जुन्या टायरांच्या गोदामात तिने आपली चित्रशाळा थाटली होती. कितीही रंग कालवा, टर्पेंटाइन सांडा, तिथला रबराचा वास सगळ्यांवर कुरघोडी करायचाच. पण भिंती उंच होत्या, आणि भुंगाला चित्रासाठी भिंतीएवढंच कापड लागायचं. लहान चित्र काढायचं म्हटलं की तिचा जीव गुदमरायचा.

कामाची तिची एक रीत होती. ज्या संगीताचं चित्र काढायचं ते आधी नुसतं ऐकायचं, गोदामभर येरझाऱ्या घालत, चहा ठेवून विसरत. मग लांब काठीला ब्रश बांधायचा आणि व्हायोलिन वाजवणाऱ्याचा गज जसा तारांवरून जाईल तसा आपला हात कापडावरून न्यायचा. मनगटातून नाही, थेट खांद्यापासून. ही पहिली रेघ ती चटकन वाळणाऱ्या निळ्या रंगात ओढायची, आणि एकदा ओढली की तिला हात लावायचा नाही. पुढे तैलरंगांचे थर चढत, पण चित्राचा कणा ती निळी रेघच.

या वेळचं चित्र एका नव्या सभागृहाच्या रंगमंचामागे लागणार होतं, आणि त्याच्यापुढे बसून उद्घाटनाला व्हायोलिन वाजवणार होती तिची ताई. आई गेल्यावर भुंगाची वेणीफणी तिनेच केली. भुंगाचं पहिलं चित्र पाहून "हे शेवाळ आहे का?" असंही तिनेच विचारलं होतं. लग्न नाही, घर नाही, व्हायोलिन सोडून दुसऱ्या कशाला तिने कधी जीव लावला नाही. रोज सकाळी ती गोदामात यायची आणि कापडाकडे पाठ करून तीच संथ रचना वाजवायची. चित्र पुरं झाल्याशिवाय बघायचं नाही, हा तिचाच नियम होता.

घोडं अडलं ते निळ्या रेघेवर. ताई वाजवत असताना ती रोज थोडी पुढे जायची, आणि लांब, संथ सूर आले की थरथरायची. भुंगाला वाटलं, आपला हात कामातून गेला. तिने काठी बदलली, शिडी बदलली, चहा सोडला, मग डोकं ठणकायला लागलं म्हणून पुन्हा धरला. शेवटी मुकाट्याने डॉक्टर गाठला. त्याने तिचा हात वरखाली केला, बोटं ताणून पाहिली आणि म्हणाला, हात ठणठणीत आहे, खुशाल भिंती रंगवा. आपण भिंती रंगवत नाही, हे त्याला समजावण्याच्या फंदात ती पडली नाही.

खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण तिला चैन पडेना. ती तडक गोदामात आली, भिंतीवर साधा कागद ठोकला आणि ताईचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. रचना तीच. रेघ सरळ आली. पुन्हा लावलं, पुन्हा सरळ. दुसऱ्या दिवशी ताई वाजवत असताना तिने त्याच कागदावर डोळे मिटून रेघ ओढली. डोळे उघडले तर रेघ कापरी.

इतके दिवस आपल्याला ऐकू कसं आलं नाही? कानांनी बहिणीची बाजू घेतली होती, हाताने मात्र जसं होतं तसं मांडलं. मग तिने ताईच्या उजव्या हाताकडे नीट लक्ष दिलं. गज खाली ठेवला रे ठेवला की ताई तो हात कोटाच्या खिशात घालत होती.

विचारायचा धीर काही भुंगाला झाला नाही. ताईकडे दुसरं होतंच काय? आणि तिचं दुखणं भिंतीएवढं करून तिच्याच पाठीमागे टांगायचं, भरल्या सभागृहात? भुंगाने आपलीच रीत मोडली. करडा तैलरंग जाडसर कालवला आणि कापऱ्या रेघेवरून सुरीने गुळगुळीत पट्टा ओढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चित्र सुबक झालं. त्या सुबकपणाचा तिला इतका राग आला की ती सारखी उठून बघायची आणि चडफडत परत बसायची. पण ताई वाचली, असं ती मनाला बजावत राहिली.

चित्र झाल्याचा निरोप मिळताच ताई आली. पहिल्यांदाच ती कापडाकडे तोंड करून उभी राहिली. मग रेघेच्या कडेकडेने, एकेक पाऊल टाकत, शेवटपर्यंत चालत गेली. भुंगा धुतलेलेच ब्रश पुन्हा धूत बसली.

"स्वच्छ आहे," ताई म्हणाली आणि मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आई गेली तेव्हाही भुंगाने तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"माझा हात दगा देतोय, भुंगा. थांबा म्हणतायत सगळे डॉक्टर. मी म्हटलं, तुझ्या रेघेत उतरलं तर थांबायचं. तुझा हात माझ्याशी कधी खोटं बोलत नाही, म्हणून तर रोज येत होते. नाही उतरलं ना? मग मी वाजवणार. उद्घाटनाला, आणि पुढेही."

ताई किती दिवसांनी मोकळी दिसत होती. गप्प बसणं फार सोपं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ते भरलेलं सभागृह आलं, त्यातला एखादा लांब सूर आला, आणि सगळे परके कान. ते कुणी ताईची बाजू घेणार नव्हते.

तिने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि शिडी चढली. करडा रंग अजून ओलाच होता, एका फटक्यात निघाला. खाली वाळलेली निळी रेघ होती तशी होती, थरथरत पुढे गेलेली. भुंगा रडत होती आणि पुसत होती, मागे वळून बघायची तिची छाती होईना.

ताई उठून शिडीजवळ आली.

"तिथून नाही," ती म्हणाली. "अजून डावीकडे पूस. माझा हात कापायला तिथूनच लागतो."