पत्त्यांचा विटाळ

रोहणा गावच्या बबनरावांच्या घरी दर महिन्याला चार दिवस हमखास भांडण व्हायचं, आणि तेही पत्त्यांवरून!

मेंढीकोटाला चार माणसं लागतात. बबनराव आणि सून जयवंता एकीकडे. मोठी बहीण आनंदाबाई आणि मुलगा मधुकर दुसरीकडे. बायको विमलाबाई गेल्यापासून दुपारी घर खायला उठायचं, म्हणून बबनरावांनीच हा डाव सुरू केला होता. पण जयवंता ‘बाहेर बसली’ की तिला पत्त्यांना हात लावायची मनाई. घर आता आनंदाबाई सांभाळत, आणि तो त्यांचा दंडक होता. मग जयवंताची पानं जमिनीवर उघडी मांडायची आणि दोघांचं बबनरावांनी एकट्यानं खेळायचं.

१९७८ सालचा मे महिना. टिनाखालची पडवी तव्यासारखी तापलेली. तिथे जयवंता गोणपाटावर बसलेली आणि आत तिघांची कचकच चाललेली.

“बाबा, तिचं पान टाकायचं राह्यलं!”

“अरे, मले दोनच डोळे हायेत! कोनाकोनाचं पाहू?”

“हरून राह्यला म्हनून चिडून राह्यला,” आनंदाबाई हसल्या.

तेवढ्यात गरम वाऱ्याचा झोत आला आणि मांडलेली पानं उडाली. बदामाची दश्शी, जिच्यासाठी सगळा डाव अडला होता, ती उंबरा ओलांडून थेट मोरीकडे निघाली. जयवंतानं झटकन उठून पकडली आणि सवयीनं हात आत केला. बबनरावांनीही सवयीनं ती घेऊन बाकीच्या पानांत ठेवली.

“शिवली वं, शिवली!” आनंदाबाई ओरडल्या. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी सगळी गड्डी गोळा करून पाण्याच्या बादलीत बुडवली आणि अंगणात उन्हात पसरली. लुगडं धुतलं की शुद्ध होतं, मग पत्ते का नाही?

थोड्याच वेळात पत्ते फुगून वाकडे झाले. राजा गुलामाला चिकटला.

बबनरावांचा संताप अनावर झाला. “बाई! आता खेळा ह्या पापडाईसंगं!”

“मंग विटाळ घरात ठेवू का?”

“ह्या गड्डीत चार राण्या हायेत. त्या कधी बाहेर बसल्या का? त्याईच्याबिगर डाव मांडून दाखव!”

“कागदाच्या राणीचं मले नको सांगू, बबन. मी गोठ्यात बसली. तुह्या विमलानं ह्याच पडवीत दिवस काढले. तवा तुह्या तोंडाले कुलूप होतं का?”

बबनराव हळूच म्हणाले, “होतं. ती पडवीत तापे अन् मी आत सावलीत लोळत राहो. ऊन लागते का, असं कधी इचारलं नाई. आता इचारीन म्हनलं त ती हाये कुठं?”

आनंदाबाईंनी उंबऱ्याकडे पाहिलं. जयवंता अजून तिथेच उभी होती. तोंड लालबुंद, ओठ सुकलेले.

“गोठ्यात मले लय भेव वाटे,” आनंदाबाई म्हणाल्या. “मायले हाक मारो, त माय म्हने, जवळ नको येजो.”

त्या उठल्या आणि त्यांनी जयवंताचं मनगट धरलं.

“चाल वं आत.”

“आत्याबाई! शिवल्या न मले!”

“शिवली त शिवली! आता बुडवा मले बादलीत! मधुकर, नवी गड्डी आन. अन् पयले हिले पानी दे.”

मधुकर धावला. बबनराव मात्र कितीतरी वेळ पडवीतल्या गोणपाटाकडे पाहत राहिले.

बंधूंनो, भगिनींनो, पत्ते भिजले तर नवे आणता येतात. ज्या देहातून आपण सगळे जन्मलो, त्याला विटाळ कसला? आपल्या घरात कोणी बाहेर बसलं असेल, तर आजच उठा आणि तिला आत घ्या. माणूस गेल्यावर कितीही हाका मारल्या, तरी ते आत येत नाही!