दहा मिनिटांची ‘थिंग’

शुक्रवारी दुपारी आखातातल्या बिन महमूद वस्तीत नयनाच्या फ्लॅटवर मराठी मंडळाची बैठक भरली, तेव्हा फुटबॉलच्या विश्वचषकाला त्र्याण्णव दिवस उरले होते आणि ताटात सव्वीस बटाटेवडे. दोन्ही आकडे नीलांबरीपाशी पक्के. स्टेडियमच्या कंत्राटदाराकडे ती कागदपत्रं सांभाळायची. मोजायची खोड सुट्टीच्या दिवशीही सुटत नाही.

ऑक्टोबरअखेर कंत्राट संपून ती पुण्याला परतणार होती. त्याआधी दिवाळीच्या कार्यक्रमात तिला दहा मिनिटं हवी होती, एका शब्दावर बोलायला. सहा वर्षं तिने मंडळाच्या सतरंज्या घातल्या, इतिवृत्तं लिहिली. माइक एकदाही हातात आला नव्हता.

“कुठला शब्द?” अध्यक्ष वसंतरावांनी विचारलं.

“थिंग.”

“थिंग म्हणजे वस्तू. झालं की. उरलेली साडेनऊ मिनिटं मुलांच्या फुटबॉल-नाचाला.”

सगळे हसले. नीलांबरीही हसली. तिच्या अनुभवात हसलेला माणूस अर्धा राजी झालेला असतो.

“युरोपात उत्तरेकडे गावकरी तंटे मिटवायला जमत, त्या सभेला थिंग म्हणत. नॉर्वेच्या संसदेच्या नावात ‘टिंग’ अजून आहे. पुढे सभेत निघालेला विषय म्हणजे थिंग, मग कुठलाही विषय, शेवटी साधा चमचासुद्धा. जर्मनांचं ‘डिंग’ही त्याच वाटेने आलं.”

“सभेतून चमचे निघतात, ते आपल्याकडेही,” नयना वसंतरावांना चटणी वाढत म्हणाली.

“असू दे,” वसंतराव म्हणाले. “पण मराठीशी संबंध हवा, हा मंडळाचा नियम. तो सांगा, नाहीतर खलास.”

तीन महिन्यांच्या टिपणांत सगळं होतं, नेमकं एवढंच नव्हतं. नीलांबरी पानं उलटत राहिली.

कोपऱ्यात नयनाचे सासरे, नाना, पाच वडे खाऊन डुलक्या काढत होते. नाशिकला तीस वर्षं संस्कृत शिकवलेला माणूस. डोळे न उघडता म्हणाले, “गोष्ट.”

“कुठली गोष्ट, नाना?”

“हीच. संस्कृतात गोष्ठी म्हणजे चार जणांची बैठक. मग तिथलं बोलणं. मग बोलण्याचा विषय. आता लग्नाची गोष्ट काय, चिऊकाऊची काय, जी म्हणशील ती. तुझे गोरे आणि आपण एकाच वाटेने आलो, पोरी, एकमेकांना न विचारता.”

नीलांबरीच्या अंगावर काटा आला. “आणि बैठकीच्या आधी?”

“आधी गोष्ठ. गाई बांधायची जागा. आपला गोठा.”

खोलीत चौदा जण दाटीवाटीने बसले होते, बहुतेक रवंथ करत. आधी नयनाला ठसका लागला, मग सगळी खोली गदगदली. वसंतराव सगळ्यात शेवटी फुटले, पण फुटले ते पाण्याच्या ग्लासासकट.

“मंजूर,” ते डोळे पुसत म्हणाले. “गोठा मात्र गाळायचा. आणि मुलांचा नाच कापणार नाही. मिनिटं कुठून आणणार?”

इतिवृत्ताची वही नीलांबरीच्याच मांडीवर होती. तिने लिहिलं: नीलांबरी दहा मिनिटं, नाना दोन, गोठ्यासह. बारा मिनिटं अध्यक्षीय भाषणातून वजा. विरोध नाही.

“सही, वसंतराव,” ती म्हणाली. “यल्ला, आटपा.”