आर्गिरोचा सप्टेंबर

"हात सोडलात ना बाई, तर उद्यापासून नाश्ता विसरा," आर्गिरो म्हणाली. ती छातीभर पाण्यात उभी होती आणि माझं मनगट तिनं असं आवळलं होतं, की माझी बोटं बधिर झाली.

तिच्या घराची वरची खोली मी दर सप्टेंबरला भाड्यानं घेते. तोवर गावातली पाहुण्यांची गर्दी ओसरलेली असते, किनाऱ्यावरच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असतात आणि उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून कोमट असतो. थेसालोनिकी शहरातल्या शाळेत मी जन्मभर मुलींना पोहायला शिकवलं, हे आर्गिरोला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण यंदा मी बॅग खाली ठेवतेय तोच ती म्हणाली, "बाई, मला शिकवा."

साठी उलटलेली बाई. कोळ्याची लेक, कोळ्याची बायको, पण गुडघ्यापलीकडे पाण्यात कधी गेली नव्हती. तिच्या लहानपणी मुलगे धक्क्यावरून उड्या मारत आणि मुली धक्क्यावर बसून मासे साफ करत.

"आत्ताच काय झालं गं?" मी विचारलं.

अंजिरं सोलता सोलता तिनं सांगितलं. ऑगस्टमध्ये तिची नात धक्क्यावरून घसरून पाण्यात पडली. आर्गिरो हाताच्या अंतरावर होती. "मी नुसती उभी राहिले, बाई. तोंडातून आवाजसुद्धा फुटला नाही. कुणा परक्या माणसानं उडी टाकली नि पोरीला काढलं. पोरगी संध्याकाळपर्यंत विसरली. मी कशी विसरू?"

तिचा नवरा स्त्रातिस दारात जाळं सांधत बसला होता. "शीक, शीक," तो म्हणाला. "बुडालीस तर जाळं टाकतो. एवढी वजनदार मासळी आजवर लागली नाही मला."

"गिऱ्हाईक आधी बघून ठेव," आर्गिरो म्हणाली. "हल्ली तुझी मासळी घेतंय कोण?"

रोज सकाळी आम्ही उतरायचो. जुना सुती झगा अंगाला चिकटायचा, नाकातोंडात पाणी जायचं, ती खोकायची, मला शिव्या घालायची आणि पुन्हा उभी राहायची. काठावरच्या कॉफीच्या दुकानातले म्हातारे खुर्च्या समुद्राकडे वळवून बसायला लागले. तिनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

एके दिवशी मी तिला उताणी झोपवलं. "मान सैल सोड. कान पाण्यात जाऊ दे." हळूहळू तिचे खांदे उतरले. मी पाठीखालचा हात काढून घेतला, तरी ती तशीच तरंगत राहिली. कितीतरी वेळानं उभी राहून तिनं तोंडावरून हात फिरवला.

"बाई, हे एवढी वर्षं इथंच होतं?"

मी निघायच्या आदल्या सकाळी स्त्रातिसची होडी परत येताना दिसली. "तुम्ही मागे राहा," मला एवढंच म्हणून आर्गिरो होडीच्या दिशेनं निघाली. हातपाय ओबडधोबड चालत होते, पण चालत होते. पाय टेकत नाहीत अशा जागेच्या पुढे ती गेली, तेव्हा मी नकळत दोन पावलं पुढे सरकले.

स्त्रातिसनं तिला पाहिलं आणि घाईघाईनं इंजिन बंद केलं. तिनं होडीच्या कडेला हात लावला. त्यानं वाकून हात पुढे केला.

"चढ वर."

"नको. परत जायचंय मला."

त्यानं वल्ही उचलली. मग ती परत फिरून हात मारू लागलेली पाहून, लाट तिच्या तोंडावर जाऊ नये म्हणून, आवाज न करता वल्ही खाली ठेवली. ती वाळूवर उभी राहीपर्यंत स्त्रातिस तिथंच, वारा नेईल तसा वाहत, बसून राहिला.