पुढची गाडी

"आज तू पुढं रा," हेमेंद्र म्हणाला.

हेल्मेटचा पट्टा लावता लावता खुशालचा हात थांबला. डांबरी रस्ता सोडून जंगलवाटेला लागायची ती जागा. मागे हायवेच्या ट्रकांची घरघर अजून ऐकू येत होती आणि समोर मोहाच्या झाडांमधून लाल मातीची वाट खाली उतरत होती. दर रविवारी इथे हेमेंद्र काही न बोलता गिअर टाकायचा आणि खुशाल त्याच्या धुळीत शिरायचा. आजवर यात कधी बदल झाला नव्हता.

"मी कायले पुढं?"

"इतके वर्षं तू माहा फुफाटा खाल्ला. आज मी तुहा खातो."

खुशालला हसू आलं नाही. हेमेंद्र पुढे का जात नाही हे त्याला माहीत होतं आणि त्याला माहीत आहे हे हेमेंद्रलाही माहीत होतं. 

खुशाल हा जन्माचा मागून चालणारा माणूस. शाळेत हेमेंद्रच्या मागच्या बाकावर बसला. हेमेंद्रने कॉमर्स घेतलं म्हणून त्यानेही घेतलं. पुढे हेमेंद्रने सडक अर्जुनीत मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं आणि खुशाल धान खरेदी केंद्रावर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, सांभाळायला लागला, तेव्हा कुठे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्याही रविवारी पुन्हा एक व्हायच्या. हेमेंद्रने रायपूरहून एक सेकंडहँड गाडी आणली, उंच मडगार्डाची, बटन टायरांची, चिखलात आणि दगडधोंड्यांत पळणारी. महिनाभरात खुशालने तशीच दुसरी घेतली. बायको म्हणाली, "तुमाले कुठं जायाचं आहे असली गाडी घेऊन?"  हेमेंद्र जिथे जाईल तिथे, हे खरं उत्तर बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

पण त्या वाटांवर खुशाल सुखी असायचा, हे मात्र खरं. आठवडाभर केंद्रावर शेतकरी ओरडायचे, धानाची प्रत ठरवणारा ग्रेडर ओरडायचा, आणि हा सगळ्यांना "हो हो" म्हणत राहायचा. रविवारी नाला ओलांडताना गाडीचं पुढचं चाक उचललं जायचं, आणि पुढे हेमेंद्रच्या गाडीचा लाल दिवा दिसत असायचा. तो दिवा जिथे गेला तिथे आपलीही गाडी जाणार, यात शंका नसायची. एवढा भरवसा त्याला आयुष्यात दुसऱ्या कशाचाच वाटला नाही.

आज सकाळी खुशाल हेमेंद्रच्या घरी गेला, तेव्हा हेमेंद्र आत मोजे घालत होता. त्याच्या बायकोने, नीतूने, खुशालला फाटकाशीच गाठलं.

"भाऊजी, आज चाबी घेऊन या त्याईच्याकडून."

"मी?"

"मग कोन? माह्यं आयकत नाहीत. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं ना, काचबिंदूनं जे गेलं ते गेलं. आता नळीतून पायल्यासारखं मधातलं तेवढं दिसते त्याईले, बाजूचं काईच नाही. परवा दुकानासमोर बकरीले धडकले. एवढा चौडा रस्ता, आन् बकरी दिसली नाही. परवा बकरी होती भाऊजी. उद्या कोनाचं लेकरू राहील." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचं आयकतील. तुमी कवा त्याईले काई मांगतलं नाही."

खुशाल म्हणाला, "हो." त्याला दुसरा शब्द येत होता कुठे?

आणि आता तो पुढे होता. उतारावर त्याने गाडी सोडली. समोर लाल दिवा नव्हता. वाट मोकळी होती, आणि ती मोकळी वाट बघून त्याला भीतीच वाटली. पळसाची फुलं गळून वाळली होती, चाकाखाली पानं कुरकुरत होती. थोडं गेल्यावर वाटेला दोन फाटे फुटले आणि खुशालने गच्च ब्रेक मारला.

हेमेंद्र मागून येऊन थांबला. "काय झालं?"

"कोनता रस्ता?"

"मंजे?"

"मले... मले मालूम नाही."

हेमेंद्र त्याच्याकडे बघत राहिला. मग मोठ्याने हसला. "अबे, इतके वर्षं येऊन रायलास ना?"

येत होता. पण खुशालने कधी वाट बघितलीच नव्हती, त्याने लाल दिवा बघितला होता. कुठे वळायचं, कुठला नाला उथळ, कुठल्या चढावर गिअर कमी करायचा, हे सगळं हेमेंद्रच्या डोक्यात होतं. ज्याला दिसत होतं त्याला वाट माहीत नव्हती, आणि ज्याला वाट माहीत होती त्याला ती दिसत नव्हती. यावर हेमेंद्रने तिथल्या तिथे तोडगा काढला. फाटा आला की खुशालने गाडी हळू करायची. मागून एक हॉर्न वाजला तर डावीकडे, दोन वाजले तर उजवीकडे.

तसे ते निघाले. आणि नवल म्हणजे जमलंही. मागून हॉर्न वाजत होते आणि खुशाल वळत होता. एका चढावर त्याने गाडी न थांबवता वर काढली, तेव्हा मागून हेमेंद्रने हॉर्नची लांबच लांब पिपाणी वाजवली. खुशालला पोरकट आनंद झाला. नीतूचं बोलणं तो अर्धा कोस विसरला.

दुपार कलताना ते तलावाशी आले. हा हेमेंद्रच्या पूर्वजांनी खोदलेला तलाव. गावाच्या कागदांवर आता त्यांचं नाव राहिलं नव्हतं, पण घराण्याचा एक दंडक हेमेंद्रने सोडला नव्हता. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चाक चालवायचं नाही. इंजिन बंद करायचं, उतरायचं, आणि गाडी हाताने ढकलत पलीकडे न्यायची. नवेगावपर्यंत जे जे तलाव लागायचे, तिथे तिथे हा सोहळा. खुशालच्या खांद्यांना तो कधी आवडला नाही, पण आज बरा वाटला. बोलायला हीच जागा होती. इथे इंजिनचा आवाज नव्हता आणि तोंडं एकमेकांकडे नव्हती.

"हेमेंद्र."

"काय बे?"

"काई नाही. पानी आहे का तुह्याजवळ?"

हेमेंद्रने बाटली दिली. खुशाल तहान नसताना प्यायला.

"बाबा सांगत," हेमेंद्र धापा टाकत म्हणाला, "पारीवर चाक गेलं तं तिथून घळ पडते, आन् घळ पडली तं एका पान्यात तलाव जाते. मले तवा हासू ये. आता एकेक गोष्ट अशी जाऊन रायली ना, तं समजून रायलं."

खुशालने बाटलीचं झाकण नीट लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. चाबी हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. तो तसाच खाली गेला.

पाळ संपली. पुढे उतरून धानाच्या रिकाम्या बांध्या होत्या, बांध घातलेली लहान लहान शेतं. धान कापून गेलं की या बांध्यांमधून सरळ वाट पडायची, आणि हेमेंद्रला ती पाठ होती. "सीधा," तो म्हणाला, "चिंचेपर्यंत सीधा. काईच नाही मधात." दरवर्षी खरंच मध्ये काही नसायचं. पण यंदा कोणीतरी नवीन बोअरची पाइपलाइन टाकायला आडवी नाली खणली होती, गुडघाभर खोल. खुशालला ती लांबूनच दिसली. एका बाजूला माती लोटून बैलगाडीपुरती जागा भरली होती. खुशाल सवयीने तिकडे वळला, भरावावरून पलीकडे गेला आणि सरळ चिंचेकडे निघाला.

मागे वळून बघायचं त्याला सुचलंच नाही. सुचणार कसं? इतकी वर्षं त्याच्या मागे कोणी नसायचंच.

चिंचेपाशी फाटा होता. त्याने गाडी हळू केली आणि हॉर्नची वाट बघितली. एकही वाजला नाही. तो तसाच पाय टेकून थांबला. मग त्याच्या लक्षात आलं, की मागे इंजिनचाही आवाज नाही.

तो कसा परत आला हे त्याला नंतर आठवेना. हेमेंद्र धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला होता. हनुवटीतून रक्त येत होतं, एक कोपर खरचटून मातीने भरलं होतं. गाडी तोंड खाली करून नालीत पडली होती आणि मागचं चाक हवेत होतं. बाजूच्या वावरातून एक म्हातारा काठी टेकत आला. वावर त्याचंच होतं, ईश्वरदास नावाचा शेतकरी. त्याने गाडी बघितली, नाली बघितली, मग हेमेंद्रला बघितलं.

"येवढी मोठी नाली दिसली नाई का रे? डोरे फुटले का?"

"हो काका," हेमेंद्र म्हणाला. "तसंच समजा."

म्हाताऱ्याला तो उद्धटपणा वाटला. बडबडत तो गाडीला हात लावायला खाली उतरला. तिघांनी मिळून गाडी वर काढली. हँडल थोडं वाकलं होतं, एक आरसा गेला होता. म्हातारा आपल्या वाटेने गेला, जाताना नालीच्या कडेला एक वाळकी फांदी रोवून गेला. खुशालने रुमाल भिजवून हेमेंद्रच्या हनुवटीला लावला. 

"मी मांगं पायलंच नाही बे. मी पायलंच नाही."

"तुह्या मांगं आतावरी कोन होतं? सवय कुठून राहील?" हेमेंद्रने रुमाल स्वतःच्या हातात घेतला. "तू वळला ते मले दिसलं नाही. तू होता, आन् एकदम नव्हता. मले वाटलं सीधा गेला."

 वाऱ्याने बांध्यांतला भुसा उडत होता.

"नीतूनं चाबी मांगाले सांगतली ना?"

खुशालने मान खाली घातली.

"मग मांग ना. मांगत काऊन नाहीस?"

"मांगवत नाही," खुशाल म्हणाला, आणि त्याला रडू आलं. पन्नाशीकडे आलेला, मिशा पिकलेला माणूस धुऱ्यावर बसून नाक ओढत रडला. त्याला नुसत्या गाडीचं वाईट वाटत नव्हतं. उद्यापासून आपण कोणाच्या मागे जायचं, हे त्याला कळत नव्हतं, आणि अशा वेळी आपल्याला आपलंच पडावं याचीही त्याला लाज वाटत होती.

हेमेंद्रने त्याला रडू दिलं. मग विचारलं, "तलावात पानी किती आहे?"

"पारीजवळ आहे. डबक्यायेवढं. बाकी सुकलं."

"दगड?"

खुशालने उठून पाळीकडे जाऊन बघितलं. तलावाचं पोट लांबच लांब, सपाट, वाळकं गवत आणि भेगाळलेली माती. "दगड नाही. काईच नाही."

"ढोरं?"

"नाही."

"मंग चाल," हेमेंद्र म्हणाला. "तिथं मी कोनाले धडकतो?"

त्यांनी गाडी पुन्हा पाळीवरून ढकलत नेली आणि आत उतरवली. खुशालने आपली गाडी पाण्याच्या कडेला उभी केली. पाणी कुठे आहे ते कळावं म्हणून तो तिथून हॉर्न वाजवत राहणार होता. या बाजूला यायचं नाही, बाकी सगळा तलाव त्याचा.

हेमेंद्रने किक मारली.

आधी तो भीत भीत गेला, दुसऱ्या गिअरमध्ये, पाय लोंबकळत ठेवून. मग एक वळण घेतलं. मग पाय वर घेतले आणि फूटरेस्टवर उभा राहिला, जसा तो नेहमी उभा राहायचा, गुडघे किंचित वाकवून, छाती पुढे. धुळीचा पट्टा त्याच्यामागे उठला. वाकड्या हँडलने गाडी एका अंगाला ओढत होती, म्हणून तो पुन्हा पुन्हा गोल फिरत होता, कधी मोठा, कधी लहान. पलीकडचे बगळे उडाले. खुशाल अंगठा दुखेपर्यंत हॉर्न दाबत होता. गाडीवरच्या मित्राला तो पहिल्यांदाच समोरून बघत होता. इतकी वर्षं त्याने त्याची पाठच बघितली होती. हेमेंद्रचं तोंड उघडं होतं. तो हसत होता की ओरडत होता, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

सूर्य पाळीपर्यंत खाली आला. मग गाडीने एक गचका दिला, आणखी एक दिला, आणि इंजिन बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं.

टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला असता तर गाडी अजून बरीच चालली असती. हे खुशालला माहीत होतं. हेमेंद्रला तर दुकानातलं प्रत्येक गिऱ्हाईक हेच विचारायचं. हेमेंद्र गाडीवर तसाच बसून राहिला. कॉककडे त्याचा हात गेला नाही. खुशालनेही ओरडून सांगितलं नाही. त्याने हॉर्नवरचा अंगठा काढला आणि तो चालत त्याच्याकडे निघाला.

हेमेंद्र उतरला. त्याने गाडी स्टँडवर लावली, चाबी काढली, शर्टाला पुसली. मावळतीचं ऊन सरळ त्याच्या डोळ्यांत येत होतं आणि धूळ अजून खाली बसली नव्हती.

"खुशाल?"

"आलो."

"घे. नीतूले सांगजो, मीच देल्ली."

त्याने हात पुढे केला होता, पण तो भलतीकडेच, जिथे कोणी नव्हतं तिथे.  खुशाल सरकत सरकत गेला, त्या हाताच्या समोर जाऊन उभा राहिला, आणि त्याने चाबी घेतली.