भिंतीकडचा हात

त्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत होती. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट बाकावर यायच्या आधी प्रत्येकानं शेजारच्याचा हात हातात घ्यायचा आणि "शांती असो" म्हणायचं. मनात अढी असेल तर हात द्यायचा नाही, आणि मग ताट नुसतं पुढे सरकवायचं. त्यात कुणी लाज मानत नसे. पाळक म्हणायचे, "भूक नसलेल्याला आग्रह करू नये, इतकंच."

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईंनी ही रीत एकदा मोडली होती.

आईचा जीव गेला तेव्हा त्या शेजारच्या खोलीत झोपल्या होत्या. थोरल्या बहिणीनं त्यांना उठवलंच नाही. "किती जागरणं झाली होती तुझी, म्हटलं झोपू दे," ताई म्हणाली. ते वाक्य बाईंच्या घशात अडकून बसलं. पुढच्या प्रभुभोजनाला ताईनं हात पुढे केला. सगळा बाक बघत होता. बाईंनी हात दिला, पण बोटं मिटली नाहीत. तोंडानं शांती म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा खाऊन टाकला. त्याच आठवड्यात ताई झोपेतच वारली.

तेव्हापासून बाई बाकाच्या टोकाला, भिंतीला खेटून बसू लागल्या, म्हणजे त्या बाजूला कुणी येऊ नये. तरी शांतीची वेळ झाली, की भिंतीकडून एक हात येऊन त्यांच्या हाताशी थांबे. दिसत काही नसे. ऊब लागे, आणि अंगठ्याजवळचा ओळखीचा खरखरीतपणा. बाई गारठून जात आणि ताट पुढे सरकवत. लोकांना वाटे, उपास असेल.

यंदा पाळकांनी पहिलं प्रभुभोजन घेणाऱ्या मुलांचा वर्ग त्यांच्याकडे दिला. मुलं त्यांच्याच बाकावर बसणार आणि बाई करतील तसंच करणार. ताट सरकवलं तर मुलंही सरकवतील. खाल्लं तर पुन्हा खोटं, तेही त्यांच्यादेखत.

शनिवारी बाई भाऊजींकडे गेल्या. ताईचे यजमान अंगणात खुर्चीला वेत विणत बसले होते.

"आज वाट चुकलीस की काय?"

"भाऊजी, मी ताईला खोटा हात दिला होता."

त्यांनी वेताची पट्टी ओढून घट्ट केली. "माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तिनंच. घरी आल्या आल्या. म्हणाली, एवढी शिवणवाली, पण टाका सैल घातलान."

बाईंना हसू फुटलं आणि हसता हसताच रडू आलं. "चिडली होती?"

"छे. म्हणाली, मी काही हात मागे घेणार नाही. धाकटी धरील तेव्हा धरील."

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. "पण राग अजून गेला नाही माझा. तिनं मला उठवायला हवं होतं."

"हवंच होतं. मीही तिला तेच म्हटलं." भाऊजींनी मान वर केली. "अगं, राग सगळा निघून गेल्यावर क्षमा करायची म्हणालीस, तर क्षमा करायला उरलं काय?"

रविवारी मुलं दाटीवाटीनं बसली. "बाई, आधी डोळे मिटायचे की आधी खायचं?" शेजारच्या मुलीनं विचारलं.

"आधी हात."

हात आला. बाई भिंतीकडे वळल्या. "ताई, तू मला उठवायला हवं होतंस," त्या पुटपुटल्या. "शांती असो." आणि त्यांनी बोटं मिटली. पलीकडूनही तितकीच घट्ट मिटली.

"बाई, तिकडे कुणी नाहीये."

"आहे."

कुणालाही वगळायचं नाही, असं वर्गात शिकवलं होतं. मुलीनं बाईंच्या पुढून वाकून भिंतीकडे हात केला आणि जरा वेळ तसाच ठेवला. मग तो मागे घेऊन तिनं तळहात उलटासुलटा करून पाहिला.

ताट आलं. बाईंनी तुकडा उचलून तोंडात घातला. तो लवकर उतरेना. सगळी मुलं आपापला तुकडा हातात धरून, बाई कधी गिळतात याची वाट बघत राहिली.