खिळ्याची जागा

सेलूच्या संग्रहालयात दरवर्षी संक्रांतीनंतर स्थानिक चित्रकारांचे प्रदर्शन भरे, आणि चित्रे टांगण्याचे काम दत्तरावांवाचून कोणी करीत नसे. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षे आरेखक म्हणून राबलेल्या या माणसाचा नियम एकच होता: चित्राचा खिळा जमिनीपासून दीडशे सेंटिमीटरवर, मग चित्रकार कोणीही असो. टांगून झाले की ते भिंतीचा प्रमाणबद्ध नकाशा काढीत. कोणते चित्र खिडकीपासून किती अंतरावर, शेजारी कोणाचे, खिळा कुठे. संग्रहालयाला या नकाशाची गरज नव्हती. तो रेणुकासाठी असे.

रेणुका जिंतूर रस्त्यावरच्या एका खेड्यातली. शाळेत असताना तिने चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती. लग्नानंतर दसरा झाला की नवरा परमेश्वर आणि ती ऊसतोडीला जात, ते अक्षय्य तृतीयेला परतत. पावसाळ्यात साखरेच्या पोत्यावर खडू-डिंकाचा हात देऊन ती एक चित्र काढी आणि निघण्याआधी दत्तरावांच्या हवाली करी. सात वर्षांत तिची सात चित्रे भिंतीवर लागली. तिने एकही लागलेले पाहिले नव्हते.

म्हणून तो नकाशा. जानेवारीत दत्तराव त्याचा फोटो परमेश्वरच्या मोबाइलवर पाठवीत. वैशाखात चित्र परत न्यायला आली की रेणुका मूळ कागद हाती घेई, टेप लावी आणि बुजवलेल्या खिळ्याचे भोक बोटाने शोधून काढी. मग सहा पावले मागे सरून त्या कोऱ्या भिंतीकडे बघत उभी राही. दत्तराव तेवढा वेळ उगीच खिडक्या पुसत. तिची ती ओढ त्यांना ठाऊक होती. त्यांनी स्वतः शेकडो मोऱ्या आणि पूल कागदावर काढले होते, पण उभे राहिलेले पाहायला साहेब लोक जीपने जात. आरेखक टेबलापाशीच राही.

या वर्षी मात्र घडी विस्कटली. संग्रहालयाचे नवे व्यवस्थापक योगीराज यांनी रेणुकाच्या नेहमीच्या मधल्या भिंतीवर एका पाहुण्या चित्रकाराचे बारा फुटी चित्र घेतले आणि तिचे चित्र बाहेरच्या बोळात, पाण्याच्या रांजणापाशी लावायला सांगितले. दत्तरावांनी हरकत घेतली. चित्र आहे, धरणाचं दार नव्हे, कुठेही बसेल, असे योगीराज हसत म्हणाले. त्याच संध्याकाळी फडावरून रेणुकाचा फोन आला. चित्र कुठे लागले, एवढेच तिने विचारले. मागे उसाचे पाचट सळसळत होते. दत्तरावांच्या तोंडून निघून गेले, "नेहमीच्याच भिंतीवर. मधोमध." बोललेले शब्द खरे ठरवायला त्यांनी नकाशाही तसाच काढला. आयुष्यात काढलेला तो त्यांचा पहिला खोटा नकाशा.

खोटेपणाचा सराव नसला की माणूस अर्ध्यावरच फसतो. भिंतीत एक भोक पाडून बुजवायचे त्यांना सुचलेच नाही.

अक्षय्य तृतीया झाल्यावर रेणुका आली. चेहरा रापलेला, तळहाताला घट्टे. परमेश्वर बाहेर मोटारसायकलवरच थांबला होता. तिने नकाशा घेतला, खिडकीपासून टेप लावली, बोट फिरवले. पुन्हा मोजले. पाहुण्या चित्राचे दोन जाड खिळे पार वर होते. दीडशेच्या रेषेवर भिंत गुळगुळीत होती.

"काका, हितं तर भोकच न्हाई."

दत्तरावांच्या हातातले फडके थांबले.

"तुमी चुकत न्हाईत," ती म्हणाली. तिने टेप मिटली. "लावलंच न्हाई का?"

"लावलं होतं. इथं नाही." त्यांनी काही न लपवता सारे सांगितले, बोळ, रांजण, तो फोन. ती रागावली असती तर त्यांना बरे वाटले असते.

"फडावर मी रोज बघायची हा नकाशा," ती म्हणाली. "भाकरी खाताना. कोन कुठं उभं ऱ्हात असंल, मनातल्या मनात ठरवायची. समदं चुकीच्याच जागी झालं की."

तिने खरी जागा दाखवायला सांगितले. बोळात रांजणाच्या वरच्या अंगाला, बरोबर दीडशेवर, बुजवलेले भोक तिच्या बोटाला लागले. "कोन थांबलं का हितं?"

दत्तराव त्या दिवसांत खुर्ची टाकून बोळातच बसत. दालनातले बारा फुटी चित्र लोक चालता चालता पाहत. पाणी प्यायला मात्र प्रत्येकाला थांबावे लागे. त्यांनी क्रमाने सांगितले. एक पोलीस चित्राकडे पाहत दोन पेले पाणी प्याला. शाळेच्या मुली रांग मोडून परत आल्या. आणि एक म्हातारी आली. चित्रातल्या कोपीचे, म्हणजे ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपडीचे, ठेंगणे दार बघून तिने पेला खाली ठेवला.

"काय म्हनली?"

"म्हणाली, असल्याच दारात माझी थोरली झाली. मग ती वाकली. आत शिरायला वाकावं, तशी."

रेणुकाने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "हे तुमी तवाच सांगायचं व्हतं, काका. चार म्हैने पुरलं असतं मला."

ते सांगायचे तर रांजण सांगावा लागला असता.

म्हातारी नेमकी कुठे उभी होती, असे तिने विचारले. दत्तरावांनी खिशातला खडू काढला, गुडघ्यावर बसले आणि शहाबादी फरशीवर दोन पावलांची खूण केली. मग आत जाऊन कोरा कागद आणला आणि बोळाचा नकाशा काढायला घेतला: भिंत, रांजण, खिळा. मोऱ्या-पुलांच्या नकाशांत त्यांना माणूस कधी काढावा लागला नव्हता. या वेळी काढला.

रेणुका खुणेवर जाऊन उभी राहिली. रांजणातून पेला भरून घेतला आणि कोऱ्या भिंतीकडे बघत सावकाश प्याली. बाहेर परमेश्वरने हॉर्न दिला. तिने मान वळवली नाही. पुढे होऊन दुसरा पेला बुडवला.