मोठ्याने वाचून पाठव

"लिहिलंस? आता मोठ्याने वाच. सरळ तोंडातून निघालं तर पाठव. अडखळलीस तर खोडून टाक."

दादाचा हा आवाज बॉबिनच्या कानात इतका पक्का बसला होता, की विजेच्या बिलाची तक्रार लिहितानासुद्धा तिचे ओठ हलायचे. बॉबिन हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती एका जागी म्हणून ठरत नसे, तेव्हा थोरल्या भावाने शिलाई मशीनमधल्या गरगरत्या रिळावरून ठेवलेलं. पुढे त्यानेच जुन्या शिलाई मशीनींच्या हौशी मंडळींसाठी इंटरनेटवर एक मंच काढला, तेव्हा तिथेही तिला तेच चिकटलं. दादा स्वतः तिथे 'तेलाची बुधली' होता. तीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेला माणूस, निवृत्तीनंतर गंजलेल्या मशीनी घरी आणून त्यांना बोलतं करायचा.

मंचाला नियम तीनच. पाठवण्याआधी मोठ्याने वाचा. विचारणाऱ्याला हसू नका. आणि मंच सांभाळणाऱ्याने स्वतःवरची टीका काढायची नाही.

या तिसऱ्या नियमानेच दादाचा घात केला.

शेवटची मशीन त्याने चौदा महिने घेऊन केली. हाताने चाक फिरवायची, लाकडी पेटीतली. तोवर त्याच्या हातांना कंप सुटला होता. तरी काळ्या रंगावरची सोनेरी वेल त्याने स्वतः रंगवली. उजव्या मनगटाला डाव्या हाताने धरून, एकेक पान. फोटो टाकले त्या दिवशी तो नवरदेवासारखा दाढी करून बसला होता.

खाली 'पारखी' नावाच्या माणसाने लिहिलं: "हात थरथरत असतील तर माणसाने भिंती रंगवाव्यात. मशीनचा खून केलात. आणि वर फोटो टाकायची हौस!"

तिघाचौघांनी हसरे चेहरे टाकले. मग बघता बघता वीसेक झाले.

"मी काढते," बॉबिन म्हणाली. मंचाच्या किल्ल्या तिच्याकडेही होत्या.

"तू माझी बहीण. तू काढलंस काय आणि मी काढलं काय! राहू दे."

कमेंट राहिली. त्या कमेंटने दादा गेला असं नाही. तो आजाराने गेला, हिवाळ्यात. पण त्या दिवशी मशीनवर टाकलेलं कापड त्याने पुन्हा उचललं नाही, ते मात्र त्या कमेंटपायी. रुग्णालयात त्याने बॉबिनचा हात धरला.

"त्याला हाकलायचं नाही हं. इथून गेला की दुसरीकडे जाऊन हेच करेल."

"मग काय, हार घालू त्याच्या गळ्यात?"

दादा हसला. "माझी मशीन दाखव त्याला. फोटोत नाही, समोर. आणि म्हणावं, आता वाच मोठ्याने."

"वाचून घेईन. वचन."

त्या दिवशी तिने चहातली साखर सोडली.

याला तीन वर्षं झाली. बॉबिन त्याच रुग्णालयाच्या कपड्यांच्या खोलीत शिवणकाम करायची. फाटलेल्या चादरींना ठिगळ, गाऊनना नाड्या, पडद्यांना कड्या. दुपारच्या सुट्टीत चहाचा पेला हातात आला की मंच उघडायचा. धुलाईवाली मावशी रोज विचारायची, "साखर घालू का गं आज?"

"नको, मावशी. एक काम राहिलंय."

"तीन वर्षं एकच काम? माझा जावई बरा म्हणायचा!"

पारखीला बॉबिनने हाकललं नव्हतं. फक्त त्याची प्रत्येक पोस्ट आधी तिच्याकडे येईल अशी सोय करून ठेवली होती. म्हणून त्या दुपारी ती पोस्ट जगात पहिल्यांदा तिनेच वाचली.

"या मॉडेलची शटल हवी आहे. असल्यास कळवणे."

शटल म्हणजे बोटाएवढी, होडीच्या आकाराची लोखंडी वस्तू. तिच्या पोटात खालचा दोरा असतो. ती नसेल तर चाक फिरतं, सुई वरखाली होते, पण टाका पडत नाही. खाली मॉडेलचा क्रमांक होता. तो वाचून बॉबिनने पेला खाली ठेवला. दादाच्या शेवटच्या मशीनचंच मॉडेल. असली दुसरी साऱ्या मंचावर कुणाकडे नव्हती.

तिने तोंडात साखर घोळवल्यासारखं उत्तर लिहिलं: "नमस्कार. फोटो जोडलेला नाही. कृपया जोडून पुन्हा पाठवावे."

फोटो आला. "नमस्कार. फोटो अंधुक आहे. कृपया उजेडात काढावा."

उजेडातला फोटो आला. "नमस्कार. पाठवण्याआधी मोठ्याने वाचलेत का? कृपया कळवावे."

एकेक 'कृपया' ती सुई टोचावी तशी लिहीत होती. अकरा दिवस तिने त्याला असं खेळवलं. रागावून एखादा तरी वाकडा शब्द लिहील, या आशेवर ती होती. त्याने लिहिला नाही. बाराव्या दिवशी त्याचा खाजगी निरोप आला.

"ताई, कुठे चुकतंय ते एकदा सांगून टाका. मशीन आईची आहे. आई आता मला ओळखत नाही. कधी पोस्टमन समजते, कधी डॉक्टर. पण मशीनपुढे बसवलं की तिचे हात आपोआप चालतात. साफ करायला काढली आणि माझ्याच हातून शटल फरशीवर पडून टोक तुटलं. आई रोज चाक फिरवते, टाका पडत नाही, मग माझ्याकडे बघत राहते. मीच मारली ती मशीन."

बॉबिनने ते दोनदा वाचलं आणि तिला बरं वाटलं. उगाच का खोटं बोला, अगदी आतून बरं वाटलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी ती हसत होती.

"लॉटरी लागली का गं?" मावशीने विचारलं.

"तसंच काहीसं."

उभ्या उभ्याच तिने उत्तर टाकलं: "शटल माझ्याकडे आहे. रविवारी त्यांच्या मशीनसकट घेऊन येते. अट एकच. 'तेलाची बुधली' यांच्या मशीनखाली तुम्ही तीन वर्षांपूर्वी जे लिहिलंत, ते त्या मशीनसमोर मला मोठ्याने वाचून दाखवायचं. तुमच्या आईसमोर."

संध्याकाळी त्याचा पत्ता आला, आणि खाली एक ओळ: "आई नसताना चालेल का?"

"चालणार नाही," तिने लिहिलं.

रविवारी सकाळी ती मशीन न्यायला दादाच्या घरी गेली. वहिनी खिडकीपाशी भाजी निवडत बसली होती. बॉबिनने सगळं सांगितलं, हातवारे करून, अकरा दिवसांच्या 'कृपया'सकट.

वहिनीने देठ मोडता मोडता ऐकलं. "बरं केलंस. मी असते तर पंधरा दिवस लटकवला असता. मेल्याने तीन महिने माझ्या नवऱ्याला भिंतीकडे तोंड करून झोपायला लावलं."

"मग नेऊ ना मशीन?"

"ने की. शटलही दे. त्या म्हातारीने काय घोडं मारलंय?" वहिनीने पुढची जुडी ओढली. "एक सांग. हे जे तू त्याला लिहिलंस, ते पाठवण्याआधी मोठ्याने वाचलंस?"

तीन वर्षांत पहिल्यांदाच ती विसरली होती.

"आता वाच," वहिनी म्हणाली.

"आता काय उपयोग? गेलं ते."

"मी ऐकते ना. वाच."

बॉबिनने फोन काढला. शटल माझ्याकडे आहे, हे सरळ निघालं. अट एकच, हे तर ठसक्यात निघालं. मोठ्याने वाचून दाखवायचं, इथपर्यंत आवाज कुठे म्हणून हलला नाही. मग आलं, तुमच्या आईसमोर. तिने घसा खाकरला. पुन्हा सुरुवात केली. तो शब्द पुन्हा तिथेच अडला. चाक फिरवून टाका न पडलेली, कुणाकडे तरी बघत बसलेली एक बाई तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्या बाईला मधे ओढणारी आपण आहोत हेही दिसलं.

"अडखळलीस," वहिनी म्हणाली.

"पण त्याने दादाला..."

"त्याने केलं ते त्याच्याकडून वसूल कर. सगळं कर. मी कुठे सोड म्हणते?"

बॉबिनने नवा निरोप लिहिला. या वेळी नुसते ओठ हलवून नाही, चांगलं खणखणीत वाचून: "आईंना ऐकू जाणार नाही अशा खोलीत चालेल. पण वाचायचं. मधेच थांबलात तर पहिल्यापासून."

"मधेच थांबलात तर पहिल्यापासून!" वहिनीने ते घोळवून म्हटलं. "हे बाकी झकास."

दोघींनी मिळून मशीनवरचं कापड उचललं. सोनेरी वेल खरंच थरथरती होती. पानं वाऱ्यावर हलावीत तशी. फोटोत ते दिसत नसे, फोटोत नुसती चूक दिसे. वहिनीने पदराने चाकावरची धूळ पुसली आणि बाजूला झाली.

"शटल काढून देऊ का पुडीत बांधून? अख्खं धूड कशाला वाहतेस? खांदा उतरेल."

"नाही. मशीनमधून त्याच्याच हाताने काढू दे. आधी बघू दे, वाचू दे, मग काढू दे."

आणि लाकडी पेटीचं झाकण लावून, कडी घट्ट बसलीय ना ते दोनदा ओढून बघून, बॉबिन दोन्ही हातांनी ते ओझं उचलून जिना उतरू लागली. दर पाच पायऱ्यांवर ती थांबे, पेटी गुडघ्यावर टेकवी, आणि हलक्या आवाजात पारखीच्या त्या तीन ओळी म्हणे. त्याने एखादा शब्द गाळला, तर आपल्याला तो कळायला हवा होता.